ग्रिलला पुठ्ठा लावून ॲव्हरेज वाढलं, आता गाडीच्या पोटाखाली पण काही लावू का?

गाडीवेडा_७७:
मंडळी, रोजचं येऊन जाऊन ९० किमी हायवे आहे, हॅचबॅक पेट्रोल. गेल्या महिन्यात सहज गंमत म्हणून ग्रिलचा खालचा अर्धा भाग आतून पुठ्ठ्याने बंद केला आणि टाकी टू टाकी ॲव्हरेज १७.२ चं १८.४ झालं!! आता हुरूप आलाय, हवा कमी अडावी म्हणून इंजिनाखालून मागपर्यंत प्लॅस्टिक शीट मारायचा विचार आहे आणि चाकांना सपाट कव्हर. कोणी केलंय का? वर कॅरिअर आहे, ते तसंच ठेवलंय, कधीमधी लागतं.

जुनं_इंजिन:
अरे बाबा आधी ते कॅरिअर उतरव, हवा अडवणारी वस्तू डोक्यावर घेऊन फिरतोयस आणि खाली पुठ्ठे चिकटवतोयस.
दुसरं, एका टाकीवरून काही ठरत नाही. पंपाचं नोझल कधी लवकर कट होतं कधी उशिरा, ३५ लिटरच्या टाकीत २ लिटर इकडेतिकडे झालं की जवळपास ६ टक्के तिथेच गेले, आणि तुझी वाढ आहे ७ टक्के. त्यापेक्षा सपाट रिकाम्या रस्त्यावर ८० ला न्यूट्रल टाक, ६० ला यायला किती सेकंद लागतात ते मोज, दोन्ही दिशांनी, पुठ्ठ्यासकट आणि पुठ्ठ्याशिवाय, त्याच दिवशी, वारा नसताना. इंजिन बंद करू नकोस हां, ब्रेक दगडासारखा होतो.

पाना_पक्कड:
पोटाखालची शीट मी केली होती. फ्लेक्स बोर्डवाली पोकळ शीट, पुढच्या बंपरपासून मागे, झिप टाय मारून. सायलेन्सरजवळ बोटभर जागा सोडली होती आणि मला वाटलं पुरे आहे, चौथ्या दिवशी जळका वास आला, खाली वाकून बघतो तर कडा मेणासारखी ओघळलेली. एक्झॉस्ट आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा, जाम तापतो) यांचा पट्टा पूर्ण मोकळाच ठेव, तिथे फार तर ॲल्युमिनियम पत्रा. आणि शीटची पुढची कड बंपरच्या वर सरकवून बसव, उघडी राहिली तर हवा आत शिरून सगळी शीट खेचून काढते.
पुठ्ठा पाऊस लागला की लगदा होतो. काढता येईल असं काहीतरी कर, घाटात आणि उन्हात एसी चालू असताना काढायचं, इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेव.

हवा_येऊ_द्या:
खरी गळती मागे असते. हॅचबॅकची पाठ एकदम कापलेली, तिथे हवा सुटते आणि भोवरे गाडीला मागे ओढतात. म्हणून पहिली होंडा इनसाइट (१९९९) मागे निमुळती होती आणि मागची चाकं झाकलेली. छपराचा उतार १०-१५ अंशांपेक्षा जास्त केलास तर हवा पत्र्याला धरून राहत नाही, मेहनत वाया. आधी लोकरीचे वीतभर दोरे टेपने चिकटव आणि बाजूच्या गाडीतून कोणालातरी व्हिडिओ काढायला सांग. सरळ पडलेला दोरा म्हणजे ठीक, नाचणारा म्हणजे तिथे गडबड.
आणि १०० ऐवजी ८० ने जा की! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० ला तो ८० च्या दीडपटीहून जास्त.

गाडीवेडा_७७:
कॅरिअर उतरवलं. ८० ने गेलो तर ट्रकवाले डिपर मारतात राव 😅 ८५ वर तडजोड केलीये. पुठ्ठा काढून मोजलं, ८० ते ६० मध्ये फरक जेमतेम अर्धा सेकंद, एकदा तर उलटाच आला. दोरे काल लावले, छपरावरचे सरळ, मागच्या काचेवरचे सगळे उलटे वर उडतायत. पार्किंगमधल्या काकांनी विचारलं, गाडीचं जावळ कधी काढणार?