मदत हवी आहे: 'पायरेट्स'च्या तिसऱ्या भागातला 'सुंभाजी आंग्रिया' आपलाच का?

नमस्कार मंडळी. बहिणीचा मुलगा सुट्टीला अलिबागला आलाय. त्याने 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा तिसरा भाग, २००७ चा 'अ‍ॅट वर्ल्ड्स एन्ड', दोन दिवसांत दोनदा लावला. पावणेतीन तासांचं प्रकरण! मी भाकऱ्या थापता थापता पाहिला. भोवऱ्यात दोन जहाजं गरगरत तोफा डागतात ते झकास, बाकी अर्धं डोक्यावरून गेलं.

तर, नऊ चाचे-सरदारांची सभा भरते तिथे एक फेटेवाला गप्प बसलेला असतो. त्याच्या वतीने सोबतचा माणूस बोलतो. शेवटी तो स्वतः तोंड उघडतो, तर आवाज एकदम चिरका. पोरगं हसून लोळलं. मग नावांच्या यादीत दिसलं, 'सुंभाजी आंग्रिया'. "मावशी, हे आपले आंग्रे?" आदल्याच संध्याकाळी त्याला कान्होजींच्या समाधीपाशी नेलं होतं हो. काय सांगू त्याला? आणि विल टर्नर शेवटी बायकोला सोडून का जातो, तेही कोणीतरी सांगा.

प्रतिसाद १: नाव तिथलंच. कान्होजींचा मुलगा संभाजी. १७२९ ला कान्होजी गेले, मग थोरला मुलगा सेखोजी सरखेल (आरमारप्रमुख) झाले, तेही १७३३ ला गेले आणि भावांत जुंपली. अलिबागचा कुलाबा किल्ला दुसऱ्या भावाकडे, मानाजीकडे राहिला, संभाजी विजयदुर्गाला. म्हणजे तुमच्या गावचा नव्हेच तो! दस्तक (समुद्रात फिरायचा परवाना) न घेणारी जहाजं आंग्रे धरायचे, म्हणून इंग्रजांच्या लेखी ते चाचे. १७३५ मध्ये संभाजीने ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' हे मोठं जहाज धरलं. ते सांगा पोराला, चिरका आवाज विसरेल.

प्रतिसाद २: विल मेल्यावर 'फ्लाइंग डचमन' या भुताळी जहाजाचा कप्तान होतो. दहा वर्षं समुद्रात, एक दिवस जमिनीवर, असा नियम. नावांची यादी पूर्ण संपेपर्यंत थांबलात का? त्यानंतर एक छोटा प्रसंग आहे, त्याची बायको एलिझाबेथ मुलाला घेऊन कड्यावर उभी असते.

मूळ धागाकर्ती: नाही थांबले, भाकरी करपत होती. आज परत लावते (तिसऱ्यांदा!). 'डर्बी'चं सांगितलं, आता विचारतोय तिच्यावर तोफा किती होत्या. कोणाला ठाऊक आहे का?