खाकीआधीचे नऊ महिने: तुमचा अनुभव लिहा

माझा भाचा येत्या सोमवारी पोलीस प्रशिक्षणाला हजर होतोय. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मग लेखी, मग मेडिकल आणि चारित्र्य पडताळणी. दोन वर्षं घरात दुसरा विषय नव्हता. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते, त्यामुळे मैदान कसं मारायचं हे सांगणाऱ्या अकादम्या आज गल्लोगल्ली आहेत. निवड झाल्यावरच्या नऊ महिन्यांबद्दल मात्र कुणी धड बोलत नाही. परवा त्याने विचारलं, "आत्या, तिथं नेमकं काय होतं?" मी हवालदार आहे, सतरा वर्षं नोकरी झाली, तरी दोन वाक्यांत माझं बोलणं संपलं. म्हणून हा धागा. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी लिहा. उपदेश नको, तुमच्या बाबतीत काय घडलं ते सांगा.

सुरुवात मीच करते. आमच्या घरी दिवेलागणीनंतर मुलीने उंबऱ्याबाहेर जायचं नाही, अशी रीत. प्रशिक्षणाच्या तिसऱ्या महिन्यात मला रात्री दोन ते चार कोतावर पहारा लागला. कोत म्हणजे हत्यारं ठेवतात ती खोली. खांद्याला रायफल, वर एकच पिवळा बल्ब, समोर मैदानाचा काळोख. पहिला अर्धा तास मी भिंतीला पाठ टेकवून उभी होते. मग बूट वाजले. शिकवल्याप्रमाणे ओरडायचं होतं, "थम! कौन आता है?" पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा इतका मोठा निघाला की बॅरेकमधल्या दोघी जाग्या झाल्या. आले होते ते तपासणीचे साहेब. "ठीक" एवढंच म्हणाले, वहीत सही केली आणि गेले. उरलेला वेळ मी भिंत सोडून उभी राहिले. आज रात्रीच्या गस्तीला एकटी जाते तेव्हा त्या दीड तासाचा मला आधार वाटतो.

निवृत्त कवायत निर्देशक

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. मुलं आम्हाला उस्ताद म्हणतात. बावीस वर्षं मी मैदानावर होतो.

नव्या मुलाला चालता येत नाही, हे घरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. साधा चालताना माणूस उजव्या पायाबरोबर डावा हात टाकतो, न शिकवता. पण 'तेज चल' म्हटलं आणि शंभर डोळे आपल्यावर आहेत असं वाटलं की दर तुकडीत तीन-चार जणांचा एकाच बाजूचा हात-पाय सोबत जायला लागतो. जितकं ओरडाल तितकं ते घट्ट होतं. मी अशा मुलाला बाजूला घ्यायचो आणि त्याच्या गावाबद्दल विचारत विचारत त्याच्यासोबत चालायचो. शेत कुठं, पाणी विहिरीचं की कालव्याचं. बोलण्याच्या नादात हात-पाय आपोआप सुटतात. सुटले की सांगायचं, "हेच. हेच चाल."

दुसरी गोष्ट हुकमांची. हुकूम हिंदीत, मुलं खेड्यातली. 'दाहिने मूड'मधला 'दा' ऐकला की निम्मी डावीकडे वळतात. पहिले आठ दिवस मी उजव्या मनगटाला सुतळी बांधायला लावायचो.

एक मनापासून सांगतो. आमच्या उस्तादांनी आम्हाला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, म्हणून मीही सुरुवातीची काही वर्षं दिल्या. एकदा एका मुलाचे वडील भेटायला आले होते आणि कुंपणापाशी उभे राहून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, नुसती मान खाली घातली. त्यानंतर मी शिवी दिली नाही. रगडा दिला, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, कोपरावर रांगायला लावलं. ते लागतंच, कारण बंदोबस्तात चौदा तास उभं राहायचं शरीर आपोआप तयार होत नाही. पण शिवी खाऊन तयार झालेला मुलगा पुढे ठाण्यात आलेल्या गरीब माणसाला तीच शिवी देतो. हे मी पाहिलंय.

शिपाई, पश्चिम महाराष्ट्र

केंद्राचं नाव लिहीत नाही. पाचव्या आठवड्यात डाव्या नडगीत दुखायला लागलं. सगळ्यांचंच काही ना काही दुखत होतं, म्हणून मी तेल लावून गप्प बसलो. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून नोंद करायला गेलं, की कामचुकार ठरवतात ही भीती. एकदा गेलो, तर गोळी देऊन परत मैदानात पाठवलं. अजून तीन आठवडे पळालो. शेवटी एका सकाळी पीटीत पाय टेकवेना. एक्स-रेत हाडाला बारीक तडा निघाला. प्लास्टर, घरी सक्तीची विश्रांती, आणि माझी बॅच पुढे निघून गेली. मी पुढच्या बॅचसोबत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वडील गावात सांगायचे, "सुट्टीवर आलाय." ते ऐकताना फार वाईट वाटायचं.

भाच्याला एवढंच सांगा. स्नायू दुखतो तो पसरून दुखतो आणि दोन दिवसांत उतरतो. हाडाचं दुखणं बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी असतं आणि रात्री झोपल्यावरही ठणकतं. तसं असेल तर कुणी काहीही म्हणो, डॉक्टरकडेच जायचं, आणि गोळीवर भागवत असतील तर पुन्हा जायचं. मैदानासाठी नवे बूट जाण्याआधीच महिनाभर घालून मऊ करून न्या.

पोलीस शिपाई, विदर्भ

सगळे मैदानाबद्दल लिहितात, मी वर्गाबद्दल लिहिते. आंतरवर्ग आणि बाह्यवर्ग असे प्रशिक्षणाचे दोन भाग असतात, आणि मुलांना वाटतं वर्ग म्हणजे पंख्याखाली झोप. सकाळी पाचपासून मैदानावर घासलेलं शरीर अकरा वाजता बाकावर बसलं की डोळे मिटतात, हे खरंच आहे. पण रोजच्या नोकरीत मला उपयोगी पडतंय ते वर्गातलंच जास्त.

आमच्या बॅचचं प्रशिक्षण चालू असताना १ जुलै २०२४ आला. भादंवि जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८, चोरी ३७९ ची ३०३. एफआयआर सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) १५४ खाली घ्यायचा, तो आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ खाली. आम्ही वह्यांत दोन रकाने आखले, जुनं आणि नवं. एका मुलीने विचारलं, "सर, जुनं विसरलं तर चालेल ना?" सर म्हणाले, "गुन्हा ३० जूनच्या रात्री घडला असेल तर?" गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा लागतो. म्हणजे कित्येक वर्षं दोन्ही पाठ हवेत. आज ठाण्यात जुनी प्रकरणं कोर्टात घेऊन जाते तेव्हा तो डावा रकाना रोज लागतो.

पण मला लिहायचंय ते पंचनाम्याबद्दल. सरांनी एका रिकाम्या खोलीत खोटी घरफोडी मांडली. कपाट उघडं, कुलूप तुटलेलं, फरशीवर सांडलेलं कुंकू. आम्ही तासभर लिहिलं. मी लिहिलं होतं, 'घराच्या मागे गल्ली आहे.' सरांनी वही हातात घेतली. "मागे म्हणजे कुठे? तू ज्या बाजूला तोंड करून उभी होतीस त्याच्या मागे? दोन वर्षांनी वकील विचारेल तेव्हा तू कुठे तोंड करून उभी होतीस ते आठवेल?" मग चतुःसीमा शिकवली. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. कुलूप दारापासून किती फुटांवर पडलंय, ते टेपने मोजून. 'तुटलेलं' लिहायचं नाही, 'कडीचा डावा भाग वाकून अलग झालेला' लिहायचं. जे दिसलं तेच, जे वाटलं ते नाही. कुंकवाला मी 'रक्तासारखा लाल पदार्थ' म्हटलं होतं. सरांनी 'रक्तासारखा' खोडलं. म्हणाले, "तुझ्या एका शब्दामुळे कुणाला तरी वर्षभर तुरुंगात बसावं लागेल."

आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिकचे लोक यायचे आहेत. पण मोबाइल कुठे धरायचा हे समजायलाही आधी डोळ्याला बघायची सवय लागते. मी आजही कुठल्याही खोलीत शिरले की आधी पूर्व कुठे ते बघते.

भामरागड तालुक्यातून

घरी आम्ही माडिया बोलतो. मराठी शाळेत शिकलो. प्रशिक्षणात हुकूम हिंदीत, कायदा मराठीत. रात्री डोकं तिन्ही भाषांनी भरलेलं असायचं. पण मला जड गेलं ते वेगळंच. बाकीची मुलं पहिला गणवेश घातला की फोटो काढून घरी पाठवायची. मी पाठवला नाही. आमच्या भागात कुणाचा मुलगा पोलिसात गेला हे आतल्यांना, म्हणजे नक्षलवाद्यांना, कळलं तर घरच्यांना काय भोगावं लागतं ते लहानपणापासून बघितलेलं. आईला सांगितलं होतं, कुणी विचारलं तर मुलगा कंपनीत कामाला आहे असं सांग. सुट्टीत सगळे घरी गेले, मी नाही गेलो. पावसाळा होता, पर्लकोटा नदी चढली की आमच्याकडचा रस्ता तसाही बंद होतो, म्हणून कुणी फार विचारलं नाही.

सी-६० हे गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी पथक १९९० मध्ये उभं राहिलं ते इथल्याच मुलांच्या भरवशावर. जंगल ओळखणारा आणि गावात बोलू शकणारा माणूस बाहेरून आणता येत नाही. ते मला नोकरीत आल्यावर नीट कळलं. तो फोटो मी खूप वर्षांनी आईला दाखवला. तिने बोटाने टोपी पुसली, फोटोतली.

एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) जवान

आमचं प्रशिक्षण दौंडजवळ नानवीजला. चांदमारीचा, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचा, एक दिवस लिहितो. फायरिंग झालं की झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी मोजून परत द्यायची असते. त्या दिवशी एक कमी आली. कुणीही रागावलं नाही. उस्ताद फक्त म्हणाले, "मिळेपर्यंत जेवण नाही," आणि स्वतःही आमच्याबरोबर गुडघ्यावर बसले. उन्हाने तापलेलं गवत, खाली मुरूम, आणि आम्ही पन्नास जण वीत-वीत जमीन हाताने चाचपत पुढे सरकतोय. तीन तासांनी पुंगळी सापडली. कुणाच्या तरी बुटाच्या टाचेखाली मातीत रुतली होती. आता बंदोबस्ताला निघताना राउंड घेऊन रजिस्टरला सही करतो तेव्हा आकडा दोनदा वाचतो.

एक आई, महिला पोलीस

भरती झाले तेव्हा मुलगी चौदा महिन्यांची. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, मी बघते," आणि खरंच बघितलं. पहिले पंधरा दिवस मी बाथरूममध्ये छाती आवळून रडले, अंगावरचं तोडून आले होते. ज्यांना हे कळेल त्यांना कळेल. रविवारी भेटीला आणायचे. पहिल्या रविवारी ती माझ्याकडे झेपावली. दुसऱ्या महिन्यात टोपी बघून सासूबाईंच्या पदरात लपली. मग मी भेटीच्या वेळी टोपी काढून आणि केस मोकळे सोडून बसायला लागले. शिस्तीत बसत नाही ते, पण आमच्या मॅडमनी बघितलं आणि तोंड फिरवून पुढे गेल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

लहान मूल असलेल्या मुलींनो, जा. पण घरच्यांशी दर रविवारचं आधीच ठरवून जा. नुसतं 'बघू' म्हणून जाऊ नका.

अनुकंपा

बाबा ड्युटीवर असताना वारले तेव्हा मी अकरावीत होतो. त्यांचा बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, आमच्या घरात सगळ्यांना पाठ. दूधवाल्याच्या वहीवर तोच, क्वार्टरच्या दारावर तोच, माझ्या सायकलच्या कुलुपाचाही तोच. प्रशिक्षणात असताना २१ ऑक्टोबर आला. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याशी लढताना दहा पोलीस शहीद झाले, त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस पाळतात. वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचतात. आम्ही शस्त्र उलटं करून, मान खाली घालून उभे. बाबांचं नाव कधीच वाचून झालं होतं, त्याला चार वर्षं झाली होती. तरी मी प्रत्येक नाव ऐकताना वाट बघत होतो.

प्रशिक्षणानंतर मला नवा बक्कल मिळाला. आईने विचारलं, "बाबांचा नाही का मिळत?" मी नाही म्हणालो. तिने दोन्ही आकडे देवघराशेजारच्या भिंतीवर खडूने एकाखाली एक लिहिले.

पीएसआय, नाशिक अकादमी

आमचं प्रशिक्षण वर्षभराचं असतं, त्र्यंबक रोडवर. पुण्याच्या भांबुर्ड्यात १९०६ साली सुरू झालेली ही संस्था १९०९ मध्ये नाशिकला आली. घोडेस्वारीपासून सायबरपर्यंत सगळं होतं. मानाची तलवार कुणाला याची चर्चा शेवटचे दोन महिने चालते. पण इथे शिपाई बांधवांनी जे लिहिलंय ते वाचून मला वाटलं, आम्हा अधिकाऱ्यांना आठवडाभर तरी तुमच्या बॅरेकमध्ये ठेवायला हवं होतं. ठाण्यात आल्यावर माझ्या हाताखालच्या माणसाची नडगी दुखते की तो टाळतोय, हे ओळखायला मला तीन वर्षं लागली.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. भाच्याने रात्री सलग वाचून काढलं. सकाळी अंगणात उजव्या मनगटाला सुतळी बांधून चालून बघत होता, आणि माझा भाऊ ओट्यावरून त्याला मुद्दाम विहिरीच्या मोटारीबद्दल विचारत होता. बूट कालपासून घरातच घालतोय. पाच जणांनी निरोप पाठवून विचारलंय म्हणून सांगते: ट्रंक, कुलूप, दोन पांढऱ्या बनियन जास्त, सुईदोरा, पायाला लावायला व्हॅसलीन, पेन आणि दोन रकान्यांची वही.

सोमवारी पहाटे साडेपाचची एसटी आहे. ट्रंकेवर नाव रंगवायचं राहिलंय, ते आज संध्याकाळी करतो.