मदत हवी आहे: स्टिअरिंग डॅम्पर बदलू की आधी बाकीचं तपासू?

मंडळी, माझी जुनी फोर बाय फोर आहे, पुढे सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर). ताम्हिणी उतरून माणगावकडे जाताना ६० च्या वेगात खड्डा लागला आणि स्टिअरिंग असं थरथरलं की दोन्ही हातांनी आवरेना. वेग ३० वर आल्यावरच थांबलं. (बायको आता त्या गाडीत बसायला तयार नाही, ते वेगळंच.) स्टिअरिंग डॅम्परवर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखा दांडा) तेल ओघळलंय. काढून हाताने पाहिला: दाबताना अडतो, ओढताना मोकळाच. म्हणजे गेलाच. मेकॅनिक म्हणतो, नवा टाका, विषय संपला. पण डॅम्पर थरथर फक्त दाबून ठेवतो ना? मूळ दुखणं टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा), किंगपिन बेअरिंग (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं) नाहीतर व्हील बॅलन्सिंगमध्ये असलं तर? आधी काय तपासू? आणि गॅसवाला (आत दाबाने गॅस भरलेला) डॅम्पर बसवला तर गाडी एका बाजूला ओढते का?