घरातून पहिल्यांदाच एम.ए., पीएच.डी.ला आलेल्या मुलांसाठी विभागाने नेमकं काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात भूगोल शिकवते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एकट्या आमच्या विद्यापीठाचा नाही. येत्या जूनपासून एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या नव्या मुलांकडे लक्ष देण्याचं काम विभागाने माझ्याकडे सोपवलं आहे. ते मनापासून करायचं आहे, म्हणून इथे विचारते.

आमच्या वर्गातली बरीच मुलं-मुली घरातली पहिली पदवीधर. बीड, जालना, परभणीच्या गावांतून येतात. तालुक्याच्या कॉलेजातून चांगल्या मार्कांनी बी.ए., बी.एस्सी. करून येतात आणि पहिल्या सत्रातच गळायला लागतात. अभ्यास झेपत नाही म्हणून नव्हे. सोडून गेलेल्यांच्या अंतर्गत चाचणीचे पेपर मी तपासलेले आहेत, त्यामुळे हे ठामपणे सांगते.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलगी. आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे दसरा झाला की कोल्हापूरकडे निघायचं ते उन्हाळ्यात परतायचं. हॉस्टेलची यादी लागली दिवाळीच्या तोंडावर. तोवर ही ओळखीच्या मुलीच्या खोलीत एका गादीवर. यादीत नाव लागलं, पण हमीपत्रावर वडिलांची सही आणि सोबत उत्पन्नाचा चालू दाखला हवा. वडील उसाच्या फडात. दाखल्यासाठी सेतू केंद्रावर जायचं तर गावी जायला हवं. गावी गेली तर घरात आजारी आजी आणि शाळेतला धाकटा भाऊ, दोघांकडे बघायला कुणी नाही. ती तिथेच राहिली. पहिल्या सत्राची परीक्षा हुकली. विभागाला हे कळलं उपस्थितीचा तक्ता भरताना.

यात तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. प्रत्येक टेबलावर नियमाप्रमाणेच काम झालं. पण ज्या घरातला मोठा भाऊ किंवा आत्या विद्यापीठात शिकून गेलेली असते, तिथे मे महिन्यातच कुणीतरी म्हणतं, 'दाखले काढून ठेव, हमीपत्रावर बाबांची सही आधीच घे, रेक्टर मॅडमना भेटून ये.' हिला असं सांगणारं कुणी नव्हतं. आणि आम्ही समजून चाललो की अडलं तर विचारेल. ही मुलं विचारत नाहीत. मोठ्या माणसाला सारखं काही विचारू नये, त्यांचा वेळ घेऊ नये, हे संस्कार त्यांच्यावर आहेत आणि ते काही वाईट नाहीत. म्हणून न विचारता सांगण्याची जबाबदारी आपली, असं माझं मत झालं आहे.

पीएच.डी.च्या मुलांचं दुखणं वेगळं. कोर्सवर्क संपतं, गाइड ठरलेले असतात, आणि मुलगा 'सर बोलावतील' म्हणून लायब्ररीत बसून राहतो. सरांना वाटतं, याला कामात रस नाही. याला वाटतं, सर कामात आहेत. दोघेही भले, आणि सत्र वाया. २०२२च्या यूजीसी नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे कामाची मांडणी करायची आहे. हे कागदावर सगळ्यांना ठाऊक असतं. समितीपुढे उभं राहून काय बोलायचं, किती पानं न्यायची, 'हे अजून जमलेलं नाही' असं म्हटलेलं चालतं का, हे कुठेही लिहिलेलं नसतं.

आता माझी अडचण. वेगळं 'मार्गदर्शन' ठेवलं की त्याला शिक्का लागतो. आजही आमच्याकडे तास चालू असताना ऑफिसातून कुणीतरी येतं आणि 'शिष्यवृत्तीवाले कोण कोण, हात वर करा' म्हणतं. मी त्या वेळी मुलांचे चेहरे बघते. काही जण हात वरच करत नाहीत, नंतर मागच्या दाराने ऑफिसात जातात. तेव्हा कुणालाही वेगळं न काढता ही मदत कशी पोचवायची? शिवाय शिष्यवृत्ती येईपर्यंतचे महिने मुलं मेसचे पैसे कुठून भरतात? कमवा व शिका योजना आमच्याकडे आहे, पण जागा थोड्या. शिक्षकांनी आपापसांत निधी जमवावा असं काहींचं म्हणणं आहे. कुणी असा निधी चालवला असेल तर कृपया खोलात लिहा. क्षेत्रभेटीचा खर्च आणि लॅपटॉप हाही प्रश्न आहेच. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते चालवायला लॅपटॉप लागतो आणि आमची लॅब संध्याकाळी बंद होते.

– रानवारा

प्रतिसाद: जुनापेशकार

मॅडम, नमस्कार. एका कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात नोकरी करून निवृत्त झालो. पैशांबद्दल लिहितो, बाकीचं जाणकार लिहितील.

पहिली गोष्ट, आधार सीडिंग. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर येतात असं मुलं समजतात. तसं नाही. आधारशी जे खातं शेवटचं जोडलेलं असतं त्यात पैसे जातात. मुलाने दहावीत एक खातं काढलेलं असतं, मग सिमकार्ड घेताना दुकानदाराने दुसरंच कुठलं तरी उघडून दिलेलं असतं, आणि पैसे त्या खात्यात पडून असतात ज्याचं पासबुकही नाही. जूनमध्येच प्रत्येकाला आपलं आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते बघायला लावा. आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, काही मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, अर्ज भरून काम संपत नाही. कॉलेजच्या किंवा खात्याच्या लॉगिनवरून अर्ज 'सेंड बॅक' होतो. कारण क्षुल्लक असतं: दाखल्याचा फोटो धूसर, गॅप सर्टिफिकेट नाही, असलं काही. मेसेज जुन्या नंबरवर गेलेला असतो. मुदत संपते आणि वर्ष जातं. दर पंधरा दिवसांनी लॉगिन उघडून बघायची सवय लावा.

तिसरी, आणि यात मी मुलांना रडताना पाहिलं आहे. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत २०२१पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो. त्यातली फी मुलाने कॉलेजला भरायची असते. हे घरी कुणी सांगितलेलं नसतं. खात्यात रक्कम दिसते, त्याच आठवड्यात घरी कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं आणि पैसे खर्च होतात. मग फी बाकी म्हणून परीक्षेचा फॉर्म अडतो. यात मुलाचा दोष नाही. पैसे येण्याआधीच त्याला आणि त्याच्या वडिलांना सांगा की यातले इतके कॉलेजचे आणि इतके तुमचे.

हॉस्टेल मिळालं नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, लहान ठिकाणी त्याहून कमी. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ज्याला हॉस्टेल नाकारलं गेलं त्यालाच हे मिळतं, म्हणून आधी हॉस्टेलचा अर्ज भरलेला हवा. पुष्कळ मुलं 'नंबर लागणार नाही' म्हणून तो भरतच नाहीत.

ऑफिसातून वर्गात येऊन हात वर करायला लावणं बंद करा. मी आमच्याकडे बंद केलं होतं. यादीत फक्त अर्ज क्रमांक लावायचे. काहीही अडलं नाही.

प्रतिसाद: तळटीप

ताई, मी तुमच्या लेखातलीच आहे. घरात पहिली बी.ए., पहिली एम.ए., आता पीएच.डी.चं तिसरं वर्ष. वडिलांनी सालगडी म्हणून कामं केली.

गाइडचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. आमच्या मॅडमनी एक गोष्ट केली आणि माझं सगळं बदललं. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, 'दर दुसऱ्या गुरुवारी चार वाजता यायचं. काम झालं असलं तरी यायचं, नसलं तरी यायचं. नसलं तर काय वाचलं ते सांगायचं.' वेळ ठरलेली असल्यामुळे 'जाऊ का नको' हा विचारच करावा लागला नाही. नाहीतर मी दारापर्यंत जाऊन परत येणारी.

दुसरं, मला एखादा चांगला सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, आधी दाखवायला हवा होता. नियमांचं पत्रक दिलं, नमुना कुणी दिला नाही. विभागात मान्य झालेले सिनॉप्सिस आणि प्रगती अहवाल असतातच. लेखकांची परवानगी घेऊन त्यांची एक फाइल उघड्या कपाटात ठेवा. ईमेलचेही नमुने ठेवा. सरांना मेल लिहिताना सुरुवात कशी करायची यात मी एकदा आख्खी संध्याकाळ घालवली होती.

फेलोशिपबद्दल. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप, जानेवारी २०२३पासून महिन्याला ३७,००० झाली, नंतर एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपला, ४२,०००. ज्यांना जेआरएफ नाही त्यांच्यासाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. पण आकडा ऐकून घरच्यांना वाटतं दर महिन्याला पगार होणार. तसं होत नाही. विद्यापीठात मेकर-चेकरने, म्हणजे माहिती भरणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांनी, पोर्टलवर महिन्याचं कन्फर्मेशन केलं नाही तर पैसे अडकतात, आणि राज्याच्या संस्थांचे पैसे कित्येकदा एकदम मागाहून येतात. माझ्या भावाचं लग्न त्या भरवशावर ठरलं होतं. पैसे आले नाहीत आणि घरी मी खोटं बोलते असं झालं. नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि त्यांच्या घरच्यांनाही कुणीतरी सांगा. आपल्या पोरीच्या शब्दापेक्षा मॅडमचा फोन घरी जास्त मानतात.

आणि एक. २०२४पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात, 'फक्त पीएच.डी.साठी पात्र' असा वेगळा गट आहे, आणि ते गुण एकच वर्ष धरतात. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांना हे माहीत नसतं, ती प्रवेश परीक्षेची जाहिरात येण्याची वाट बघत बसतात.

प्रतिसाद: पैलतीर

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात शिकवतो, मूळ नांदेडचा. इकडे अशा मुलांना 'फर्स्ट-जेन' म्हणतात. आई-वडील दोघांपैकी कुणाकडेही चार वर्षांची पदवी नाही, अशी साधारण व्याख्या. प्रवेशअर्जातच आई-वडिलांचं शिक्षण विचारतात, सगळ्यांना. त्यामुळे विभागाकडे माहिती आधीच असते, वर्गात हात वर करायला लावावं लागत नाही. तुमच्या 'शिक्का लागतो' या प्रश्नाला हा एक मार्ग आहे: माहिती सगळ्यांची घ्या, मदतीचं निमंत्रण सगळ्यांना द्या, आणि ज्यांना जास्त गरज दिसते त्यांच्याशी स्वतः जाऊन बोला.

पीएच.डी.कडे वळवण्यासाठी इथे मॅकनेअर नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. चॅलेंजर यानाच्या १९८६च्या अपघातात गेलेले अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर यांच्या नावाचा. ते स्वतः साध्या घरातून येऊन एमआयटीतून भौतिकशास्त्रात पीएच.डी. झाले होते. यात पदवीच्या मुलांना एखाद्या प्राध्यापकाबरोबर खरं संशोधन करायला देतात, आणि त्याचे पैसे देतात. पैसे देणं महत्त्वाचं. उन्हाळ्यात ज्याला घरी कमावून द्यावं लागतं तो फुकट संशोधन करू शकत नाही. पण हे सगळं परदेशातून आणायची गरज नाही. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली १९१९ साली, आणि राहण्या-जेवण्याची सोय व श्रमाचा मोबदला हेच त्यांच्या कामाच्या मुळाशी होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून बोर्डिंगं उभी केली ती याच कारणाने. तुमच्या कमवा व शिकामध्ये बागकाम आणि फायली लावण्याबरोबर जीआयएस लॅब रात्री उघडी ठेवण्याचं काम घालता येईल का बघा. मुलाला पैसे मिळतील आणि बाकीच्यांना लॅब.

प्रतिसाद: बांधावरून

शेतकरी आहे. पोरगी तुमच्यासारख्याच विद्यापीठात एम.एस्सी. करते. आम्हाला कुणी एकदा बोलावून सांगितलं की ही काय शिकते, किती वर्षं लागतील, पुढे कुठे कुठे लागू शकते, तर बरं होईल. भावकीत विचारतात, लग्न का लांबवता? आमच्याकडे उत्तर नसतं. दिवाळीनंतर नका बोलावू, जूनमध्ये पेरणीतही नको. जुलैच्या एखाद्या रविवारी आम्ही येऊ.

रानवारा (धागाकर्ती)

सगळ्यांचे खूप आभार. जुनापेशकार काका, तुमचा प्रतिसाद छापून ऑफिसात लावते आहे, परवानगी गृहीत धरते.

इतकं ठरवलं आहे. प्रवेशाच्या दिवशी सगळ्यांनाच एक मराठी पत्रक द्यायचं. त्यात कोणता दाखला कधी लागेल, आधार कसं तपासायचं, फीचा वाटा कोणता. हमीपत्राचा कोरा नमुना त्यालाच जोडायचा, म्हणजे सही दसऱ्याच्या आत होईल. गाइडबरोबर पंधरा दिवसांची ठरलेली वेळ ठेवण्याबद्दल सहकाऱ्यांशी बोलले, चौघे लगेच तयार झाले. सिनॉप्सिसची फाइल तळटीपच्या सांगण्याप्रमाणे. बांधावरून दादा, जुलैतला रविवार नक्की, आणि ज्यांना येणं जमणार नाही त्यांना मी फोन करेन.

लॅबचं विद्यार्थी विकास विभागाला विचारलं आहे.

निधीबद्दल मात्र अजून कुणी लिहिलं नाही. शिक्षकांनी दरमहा थोडे पैसे काढून ठेवायचे आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत मेसपुरते द्यायचे, असा विचार आहे. परत घ्यायचे की नाही यावर आमच्यात एकमत नाही. माझं मत, परत मागू नयेत. ज्याला द्यावेसे वाटतील तो पुढच्या मुलासाठी देईल. काही सहकाऱ्यांना वाटतं, उसने म्हणून दिले तर मुलांना घेताना संकोच होणार नाही. दोन्ही पद्धतींनी कुणी चालवलं असेल तर हिशेब कुणाकडे होता, मुलाने कुणापाशी मागायचं होतं, आणि पैसे रोख दिले की थेट मेसवाल्याला, हे कृपया लिहा. प्रवेश जूनअखेर सुरू होतात, त्याआधी हे बसवायचं आहे.