हॉलमध्ये फुटबॉल दाखवताना जाहिरातींचं काय करायचं?

गावभाग_११ (सांगली)

मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर वर्ल्ड कपचं फुटबॉल दाखवायचं ठरतंय. साहित्य असं: एचडी सेट-टॉप बॉक्स, १०० एमबीपीएसचं फायबर, आठ चॅनेलचा मिक्सर, दोन स्पीकर, १२ फुटी पडदा. मॅच रात्री साडेबाराच्या.

जाहिरातींनी डोकं उठलंय. ब्रेक संपून चित्र परत येतं तोवर कॉर्नर मारून झालेला असतो. खेळ चालू असतानाच चित्र आकसतं आणि कडेला, खाली वेलचीच्या जाहिरातीची पट्टी येते (वेलची कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे), तेवढा वेळ स्कोअर वाचता येत नाही. आवाज तर कॉमेंट्रीच्या दुप्पट. रात्री एक वाजता शेजारचे अण्णा जिना चढून वर येणार हे ठरलेलं. ॲपवर लावलं तर पलीकडच्या वाड्यातून 'गोल' आधी ऐकू येतो. आणि जाहिरातमुक्त प्लॅनचे पैसे भरले तरी लाइव्ह मॅचला जाहिराती येतातच, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तोडगा काय? 'टीव्ही बंद करा' हे उत्तर नको.

मिरजेचा_डिशवाला

आधी जाहिरात घुसते कुठून ते बघा, म्हणजे कुठं हात घालायचा ते कळेल. मैदानावरून निघणारं मूळ चित्र सगळ्या देशांना एकच असतं आणि त्यात ब्रेक नसतो. आपल्याकडची वाहिनी ते उचलते आणि स्वतःच्या कंट्रोल रूममध्ये त्यावर जाहिराती चढवते. खेळाडू पडला, व्हीएआर (व्हिडिओ रिप्ले) बघायला रेफरी पळाला, की तिथला माणूस बटण दाबतो. स्पॉट १०-१० सेकंदांचे आणि विकलेले. तीन लावले की ३० सेकंद गेले. फ्री किक २५ व्या सेकंदाला घेतली तरी तिसरा स्पॉट मध्येच कापत नाहीत, कापला तर त्याचे पैसे मिळत नाहीत. तुमचा कॉर्नर तिथं जातो.

चित्र आकसतं त्याला स्क्वीझ म्हणतात, एल आकाराची पट्टी असली तर एल-बँड. खेळ तेव्हा चालूच असतो, म्हणून ते पुढं ढकलूनही सुटत नाही. प्रोजेक्टरचा झूम वापरायचा विचार सोडा. दहा सेकंदात चित्र पूर्ववत होतं आणि तुम्ही रिमोट शोधत बसता. करता येण्यासारखं एवढंच: एसडी, एचडी आणि वेगवेगळ्या भाषांच्या वाहिन्यांवर जाहिराती वेगळ्या विकलेल्या असू शकतात. साध्या लीग मॅचला प्रत्येक वाहिनी पंधरा मिनिटं लावून पट्ट्या मोजा आणि जी कमी त्रास देईल ती धरा.

पूर्ण ब्रेकवर मात्र खरा इलाज आहे: मॅच उशिरा सुरू करायची. बॉक्सला रेकॉर्डिंग असेल तर किकऑफला लाइव्ह पॉज दाबा, उशिरा प्ले करा आणि ब्रेक आला की पुढं ढकला. किती उशीर, त्याचा हिशोब: हाफटाइम १५ मिनिटं. फिफाने २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी प्रत्येक हाफमध्ये, साधारण २२ व्या मिनिटाला, तीन मिनिटांचा पाणी-ब्रेक ठेवलाय, हवा कशीही असो. म्हणजे ६ मिनिटं. एकूण २१. साडेबाराची मॅच १२:५१ ला लावली तर पहिल्या पाणी-ब्रेकनंतर तुम्ही १८ मिनिटं मागं, हाफटाइमनंतर ३, दुसऱ्या पाणी-ब्रेकनंतर थेट लाइव्ह. शेवटचा अर्धा तास मग सगळ्यांबरोबरच बघता. नॉकआउट असेल तर जादा वेळेआधीच्या विश्रांतीसाठी चार मिनिटं वाढवा, १२:५५ ला लावा.

बिघडतं ते पेन ड्राइव्हपाशी. एचडी वाहिनी ८ एमबीपीएस धरली तर तासाला ३.६ जीबी, जादा वेळ धरून अख्ख्या मॅचला ९ जीबीच्या आसपास. जागेचा प्रश्न नाही, ३२ जीबी पुरते. पण स्वस्त पेन ड्राइव्ह एकाच वेळी लिहिणं आणि वाचणं दोन्ही करताना अडखळतो, चित्र गोठतं. एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली तर दुसरंच: यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पियर देतं, डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त मागते आणि बॉक्स रीस्टार्ट होतो. छोटा एसएसडी लावा, नाहीतर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब. फ्री डिशचा बॉक्स असेल तर ड्राइव्हचं फॉरमॅट बघा. फॅट-३२ असेल तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही; ८ एमबीपीएसला ती ७० मिनिटांत भरते, म्हणजे दुसरा हाफ सुरू होताना. काही बॉक्स नवी फाइल उघडतात, काही मुकाट्याने थांबतात. एनटीएफएस चालत असेल तर ते करा. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला बांधलेलं असतं, लॅपटॉपवर उघडणार नाही. त्यात वेळ घालवू नका.

लाइव्ह पॉज किती वेळ धरतो ते बॉक्सनुसार बदलतं. आदल्या दिवशी बातम्या अर्धा तास पॉज करून बघा. आणि बॉक्सला छोटा यूपीएस हवाच. लाइट एक सेकंद गेली तरी पॉज केलेला साठा उडतो.

सह्याद्री_एक्सप्रेस

आपल्याकडं तरी बरं आहे. अमेरिकेत फुटबॉलची मॅच तीन तास चालते आणि त्यात तासभर जाहिराती. फुटबॉलचा धंदा कुठं चाललाय बघा.

गावभाग_११

दादा, तो वेगळा खेळ, हेल्मेटवाला अमेरिकन फुटबॉल. इथं नको.

मिरजेचा_डिशवाला

वेगळा आहे, पण मुद्दा इथलाच आहे. त्यांच्या खेळात घड्याळाची ६० मिनिटं. चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो साधारण ११ मिनिटं, वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये मोजलं होतं. दर डावानंतर खेळ थांबतो, त्यामुळं जाहिरातीला जागा आधीच आखलेली असते आणि टीव्हीसाठी वेगळा टाइमआउटही असतो. रेफरी ब्रेक संपेपर्यंत थांबतो, म्हणून तिथं जाहिरातीमागं खेळ सुटत नाही. आपल्या फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं घड्याळ थांबत नाही, रेफरी वाहिनीसाठी थांबत नाही, म्हणून वाहिनी जाहिरात खेळावर चढवते. पाणी-ब्रेकनं नेमकं तेच बदललं: पहिल्यांदाच प्रत्येक मॅचमध्ये, ठरलेल्या जागी, तीन मिनिटांची फट मिळाली. खेळाच्या नियमांत असा ब्रेक आधीपासून आहे, उष्णतेसाठी, ९० सेकंद ते ३ मिनिटं. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्स–मेक्सिको मॅचला फोर्तालेझाच्या उन्हात तो घेतला होता. तेव्हा ३२ अंशांची अट होती, तीही आर्द्रता धरून मोजलेली. आता अट नाही.

खेळाडूंना पाणी मिळू दे, त्याबद्दल तक्रार नाही. पण छत बंद करून एसी लावलेल्या स्टेडियममध्येही तोच ब्रेक, तेव्हा हेतू एकच आहे असं मला वाटत नाही.

कलम_आणि_परिच्छेद (सांगली)

नियमांचं सांगतो, कारण इथं कुणीतरी 'कोर्टात खेचा' म्हणणारच.

केबल टीव्ही नेटवर्क नियम १९९४ मधला नियम ७(११): तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नाही, त्यात १० मिनिटं व्यापारी आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या. ट्रायने (दूरसंचार नियामक) मे २०१२ मध्ये वेगळे विनियम काढले आणि ते तुम्हाला हवे तसेच होते: थेट सामन्यात जाहिरात फक्त खेळ थांबलेला असताना, आणि उदाहरण म्हणून फुटबॉल-हॉकीचा हाफटाइमच दिला होता. अर्ध्या पडद्यावरची पट्टी बंद. जाहिरातीचा आवाज कार्यक्रमापेक्षा जास्त नाही. मार्च २०१३ च्या दुरुस्तीत हे सगळं गळलं आणि उरली ती १२ मिनिटांची मर्यादा. त्यावरही वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि कारवाईपासून अंतरिम संरक्षण मिळवलं. म्हणून पट्टीविरुद्ध लिहिताना 'ट्रायचा नियम मोडला' असं लिहू नका. पहिल्याच ओळीत अर्ज बाद होतो.

मग लिहायचं काय? मर्यादा घड्याळी तासाची आहे: बारा ते एक, एक ते दोन. तुमची मॅच १२:३० ला. पहिला हाफ पाणी-ब्रेक आणि भरपाई वेळ धरून १:२० च्या सुमारास संपतो, दुसरा १:३५ ला सुरू, त्यातला पाणी-ब्रेक १:५७ ला. म्हणजे हाफटाइम आणि दुसरा पाणी-ब्रेक दोन्ही एकाच घड्याळी तासात पडतात. हाफटाइमच्या १५ मिनिटांत १२ मिनिटं जाहिराती दाखवल्या असतील तर १:५७ ला एक सेकंदही शिल्लक नाही. रेकॉर्डिंग आहेच, तर एक ते दोनच्या प्रत्येक जाहिरातीची सुरुवात आणि शेवट वहीत लिहून काढा. एवढा तक्ता जोडला की तक्रारीला वजन येतं. 'फार जाहिराती येतात' याला उत्तरसुद्धा येत नाही.

पत्ता: जून २०२१ पासून तीन पायऱ्या आहेत. आधी वाहिनीचा तक्रार अधिकारी, त्यानं २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान नाही झालं तर वाहिन्यांची स्वयंनियमन संस्था, त्यानंतर केंद्र सरकार. आवाजासाठी नियम ७ मध्येच 'जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नको' असं आहे, पण किती म्हणजे अवाजवी हे आकड्यात नाही. तिथं जीव आटवू नका.

आणि मंडळासाठी, न विचारलेलं: घरगुती कनेक्शनवर हॉलमध्ये दाखवणं करारात बसत नाही, व्यावसायिक कनेक्शन घ्या. वर्ल्ड कपसारख्या स्पर्धेला सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना वेगळा असतो. तिकीट लावलं किंवा पडद्याशेजारी प्रायोजकाचा फ्लेक्स टांगला की तुम्ही व्यापारी गटात जाता. जाहिरातींविरुद्ध भांडायचं आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांचे फ्लेक्स, असं व्हायला नको.

साउंड_तासगाव

आवाजाचं दोन ठिकाणी बघा.

पहिलं बॉक्समध्ये. मॅच डॉल्बी ५.१ मध्ये आणि जाहिराती स्टीरिओत असतील तर दर वेळी आवाजाची पातळी उडी मारते, मध्ये अर्धा सेकंद आवाजही जातो. ऑडिओ सेटिंगमध्ये 'पासथ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' असेल ते काढून 'पीसीएम' किंवा 'स्टीरिओ' करा. 'नाइट मोड' असेल तर चालू. निम्मा त्रास इथंच जातो.

उरलेला मिक्सरवर. जाहिरातीचा सर्वोच्च आवाज कॉमेंट्रीएवढाच असतो, पण ती दाबून सपाट केलेली असते, एकही क्षण हळू नाही, म्हणून कानाला मोठी लागते. बॉक्सच्या चॅनेलवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) लावा: रेशो ४:१, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज ३०० च्या आसपास. थ्रेशोल्ड (जिथून आवाज दाबला जातो ती पातळी) कॉमेंट्री चालू असताना बसवा, बोलणं चालू असताना दिवा अधूनमधून लुकलुकला पाहिजे, सतत जळायला नको. तोटा एक: गोलच्या वेळचा स्टेडियमचा जल्लोषही दबतो. पब्लिक स्वतःच ओरडतंय, त्यामुळं फारसं कळत नाही. सगळ्यात खात्रीचा इलाज म्हणजे फेडरवर (आवाजाच्या सरकत्या बटणावर) बोट ठेवून एक पोरगा बसवणं.

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे. बंद सभागृहात, आतल्यांपुरता चालतो. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. म्हणून खिडक्या लावून घ्या, स्पीकर रस्त्याकडं तोंड करून ठेवू नका, आणि बास कमी करा, भिंतीतून तोच जातो.

गावभाग_११

बॉक्स, ड्राइव्ह, मिक्सर कळलं. ॲपवर जाहिरात अडवणारं डीएनएस (वेबचे पत्ते शोधून देणारी सेवा) लावलं तर? एक जण म्हणतोय राउटरवरच होतं.

मिरजेचा_डिशवाला

लाइव्ह मॅचला नाही होत. वेबसाइटवरची जाहिरात वेगळ्या पत्त्यावरून येते, म्हणून पत्ता अडवला की जाते. लाइव्हमध्ये जाहिरात सर्व्हरवरच मॅचच्या प्रवाहात शिवलेली असते, पत्ता तोच. अडवायला गेलात तर मॅचच अडकते, काळा पडदा आणि फिरणारं चक्र. ॲपवर उशिरा दिसतं त्याचं कारणही सांगून टाकतो: व्हिडिओ साधारण सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्लेअर तीन तुकडे हातात ठेवून सुरू करतो, १८ सेकंद तिथंच गेले, वर एन्कोडिंगचे. फायबर १०० चं ३०० केलं तरी ते कमी होत नाही. ॲप फक्त डिश बंद पडली तर.

कासपठारी (सातारा)

डिश बंद पडणारच, जून-जुलै आहे. सांगलीला पाऊस आमच्याएवढा नाही, पण जोराचा पाऊस आला की केयू-बँडचा (डिशच्या लहरींचा) सिग्नल जातो. ते थेंबांमुळं, केबलमुळं नाही. थोड्या पावसात जात असेल तर मात्र दोष तुमचा. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची 'क्वालिटी' बघा, 'स्ट्रेंग्थ' नव्हे. कोरड्या दिवशी डिश केसभर हलवत क्वालिटी सर्वात वर जाईल तिथं नट आवळा, मग एलएनबी (डिशसमोर दांड्यावर बसवलेला रिसीव्हर) थोडा फिरवून पुन्हा बघा. एलएनबीच्या तोंडाचं प्लास्टिक झाकण तडकलं असेल तर पाणी आत जातं, बदला. केबलच्या टोकाच्या एफ-कनेक्टरवर सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळा, साधी इलेक्ट्रिकची टेप एका पावसात सुटते. केबलला खाली एक यू आकाराचा झोल ठेवा, पाणी तिथून गळून जातं, बॉक्सपर्यंत येत नाही.

पॉज करून मागं चालत असाल तर एक लक्षात ठेवा: सिग्नल आत्ता गेला तर ते भोक तुम्हाला २० मिनिटांनी दिसणार आहे. बाहेर पाऊस वाढला की एकानं ॲप वेगळ्या लॅपटॉपवर आवाज बंद करून चालू ठेवायचं आणि भोक आलं की प्रोजेक्टरचा इनपुट बदलायचा. त्या माणसाला गोल आधी कळणार, तर तोंड बंद ठेवणारा निवडा. बाकीच्यांचे फोन दाराशी टोपलीत, नाहीतर व्हॉट्सॲपवर कोल्हापूरचे पाहुणे स्कोअर पाठवून २१ मिनिटांचा सगळा खटाटोप वाया घालवतील.