प्रतिसाद: दोन इंच लिफ्ट केली की टायर घासणार नाही?

वर म्हटलंय की दोन इंच लिफ्ट टाकली (सस्पेन्शन उचलून गाडी उंच केली) की पिकअपला २८५/७० आर १७ (२८५ मिमी रुंद, १७ इंची रिमचे) टायर आरामात बसतात. उभ्या गाडीत बसतात, हो! पण चाक खड्ड्यातून पूर्ण वर दबतं तेव्हा ते कुठवर जाणार हे बंप स्टॉप (सस्पेन्शनला शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) ठरवतो, लिफ्ट नाही. तिथे घासायचं ते घासणारच.

मुळात आधीच्या २६५/६५ आर १७ टायरचा व्यास साधारण ७७६ मिमी, २८५/७० चा ८३१. म्हणजे टायर पुढे-मागे सत्तावीस-सत्तावीस मिमी वाढला, शिवाय रुंदीही वीसने वाढली. पुढचं चाक पूर्ण वळवलं की बहुतेक वेळा कमानीच्या मागच्या बाजूला, मडफ्लॅप आणि प्लास्टिक लायनरपाशी आधी लागतं. अलाइनमेंटवाल्याला कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) वाढवायला सांगा, चाक थोडं पुढे सरकतं. फुकटात मिळणारी जागा आहे ती.

रिमच्या ऑफसेटचं (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर, त्याचं) मात्र जपून. ३० वरून शून्यावर आलात तर चाक तीन सेंटिमीटर बाहेर येतं. आतल्या वरच्या कंट्रोल आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) घासणं टळतं, पण वळताना टायर मोठा घेर घेतो आणि नेमका बाहेर घासतो. दिसायला रुबाबदार, हे मान्य.

तपासायचं तर एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा आणि खाली वाकून बघा. सपाट फरशीवरची चाचणी बिनकामाची.

आणि हो, स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा सात टक्के जास्त पळत असेल. स्टेपनी खाली मावते का तेही आधीच बघून घ्या.