मदत हवी आहे: मुलीचं युडीआयडी कार्ड इंदुरात चालत नाही म्हणतात

रेवातीर
नमस्कार. मुलीचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आहे. खिडकीवर सांगतात, 'ये यहाँ नहीं चलेगा, नया बनवा लो.' नवं काढायला ऑनलाइनवाल्याकडे गेलं की आधार नंबर टाकल्याबरोबर 'आधीच नोंद आहे' असं येतं. म्हणजे जुनं चालेना आणि नवं निघेना. ऑनलाइनवाल्याने पैसे घेतले आणि म्हणाला, 'ऊपर बात करो.' वर म्हणजे कुठे, ते काही सांगितलं नाही. इकडे थेरपीच्या फीमध्ये घरखर्च ओढाताणीचा झालाय, घोट्याला आधार द्यायला पायात घालायचा एएफओ लहान झालाय आणि शाळा कागद मागतेय. ज्यांनी हे काम इंदुरात केलंय त्यांनीच सांगा, कुठे जायचं आणि काय द्यायचं. धीर धरा वगैरे नको, रस्ता हवा आहे.

पोहे_राजवाडा
ताई, मंगळवारी कलेक्टोरेटला जनसुनवाई असते, सरळ तिथे जा. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का मारून घ्या आणि मुलीला सोबत न्या. आमच्या शेजारच्या काकूंची अडकलेली पेन्शन तिथूनच सुटली.

मालवा४५२
मुलीला कशाला त्या गर्दीत उभं करायचं? १८१ वर, सीएम हेल्पलाइनला, तक्रार नोंदवा. नंबर मिळतो, तक्रार खालच्या अधिकाऱ्यापासून वर चढत जाते, घरबसल्या काम.

पोहे_राजवाडा
फोनवर कागद दाखवता येत नाही. टेबलावर कागद ठेवला की माणूस वाचतो तरी.

मालवा४५२
आणि मंगळवारी अर्धा दिवस गेला तर? त्यांची थेरपी चुकेल त्याचं काय?

चालतीपावलं
दोघेही जरा थांबा, तक्रार नेमकी कशाची करायची हेच अजून कळलेलं नाही. रेवातीरताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. मुलीचं वय किती, निदान काय, कार्डावर टक्के किती, मुदत कधीपर्यंत? एएफओ लिहिलंत म्हणून सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, असावं असा माझा अंदाज.

रेवातीर
हो, सीपी आहे. स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः पाय ताठ. सात पूर्ण झाली. ६५ टक्के, पिवळं कार्ड, मुदत अजून आहे. वॉकर घेऊन चालते, बोलणं स्वच्छ आहे, अभ्यासात हुशार आहे. पण कार्ड चालत नाही याच्याशी निदानाचा काय संबंध?

चालतीपावलं
आहे. कुठली योजना लागू होते ते निदान आणि टक्के पाहून ठरतं. पिवळं म्हणजे ४० ते ७९ टक्के, म्हणजे योजनांची ४० टक्क्यांची अट तुम्ही पार केलीय. ८० पासून वर निळं मिळतं.

आशेचाकिरण
ताई, कागदांच्या मागे लागून वेळ घालवू नका. स्टेम सेलचं बघा. माझ्या भाच्याच्या मुलाला दिलं, आता बराच सरळ बसतो. खर्च आहे, पण पोटच्या पोरीसाठी माणूस काय करत नाही!

चालतीपावलं
हे मी तसंच जाऊ देणार नाही. सीपीसाठी स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा आजारांत तो फक्त नोंदणीकृत क्लिनिकल ट्रायलमध्ये देता येतो, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जिथे लाखांत पैसे मागतात तिथून परत फिरायचं. दागिने मोडून आलेले आईबाप मी समोर बसलेले पाहिलेत.

आशेचाकिरण
फरक पडला तो आम्ही डोळ्यांनी पाहिलाय.

चालतीपावलं
त्याच काळात त्याचे व्यायामही चालू असतील ना? वाढत्या वयात बसणं सुधारतंच. त्याचं चांगलंच होवो, पण इथे दुसऱ्या आईला हा सल्ला देऊ नका.

नर्मदे_हर
आई केंद्र सरकारी नोकरीत असेल तर चाइल्ड केअर लीव्ह ७३० दिवस मिळते आणि दिव्यांग मुलासाठी वयाची अट लागत नाही. शिवाय दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते, २०१४ चा आदेश आहे. माझ्या बायकोने तो वापरलाय.

रेवातीर
मी नोकरी करत नाही. हे पीथमपूरला प्रायव्हेट कंपनीत आहेत. मूळ प्रश्नाचं कोणी सांगेल का?

जुनी_फाइल
कार्ड कोणत्या जिल्ह्याने दिलंय?

रेवातीर
पुण्याचं आहे. तिथेच जन्म, तिथेच मेडिकल बोर्डाची तपासणी झाली. ह्यांची बदली झाली म्हणून आम्ही सुदामा नगरला सासरी आलो.

जुनी_फाइल
मग गाठ इथेच आहे. आमचं नाशिकचं होतं, मुलगा आता बारा वर्षांचा. नीट सांगतो.

कार्ड चालत नाही हे म्हणणं चूक आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ५८: प्रमाणपत्र देशभर ग्राह्य. त्या पानाची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवा. नवा अर्ज करायचाच नाही. एका आधारवर एकच नोंद असते, म्हणून पोर्टल नाकारतंय. युडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर जुन्या कार्डाच्या नंबरने लॉगिन करा आणि पत्ता बदलायची विनंती टाका. त्याआधी मुलीच्या आधारवर सुदामा नगरचा पत्ता आलेला हवा, नाहीतर पुराव्याला काय जोडणार? पत्ता बदलला की पुढचं नूतनीकरणही इथल्या जिल्ह्यातून होईल, बोर्डासाठी पुण्याला जावं लागणार नाही.

आता दुसरी बाजू. कार्ड देशाचं असलं तरी राज्याचे पैसे राज्याचेच. मध्य प्रदेशच्या कुठल्याही मदतीला समग्र आयडी, म्हणजे राज्याच्या कुटुंबनोंदणीचा नंबर, लागतो. मुलीचं नाव सासरच्या समग्र परिवारात चढवलंय का, ई-केवायसी झालीय का? मला वाटतं खिडकीवर खरी अडचण ही असणार आणि तो बोट कार्डाकडे दाखवतोय.

रेवातीर
समग्रमध्ये सासू-सासरे आणि हे आहेत. माझं आणि मुलीचं नाव नाही. कोणी विचारलंच नाही आजवर.

जुनी_फाइल
मग उद्या ते. झोन ऑफिसात किंवा एमपी ऑनलाइनवर होतं. नावाचं स्पेलिंग आधारबरहुकूम एकेक अक्षर तपासा. आमच्याकडे एका 'h' ने सगळं अडवलं होतं.

पोहे_राजवाडा
आणि तरी नाही झालं तर मंगळवार आहेच.

पुणेकर_इंदुरी
माझं ऐकाल तर मुलीला घेऊन पुण्यालाच राहा. थेरपी सेंटरं तिथे गल्लोगल्ली आहेत.

मालवा४५२
आणि नवरा पीथमपूरला, सासू-सासरे इथे? सांभाळायला माणसं लागतात की नाही? इंदुरातही चांगले थेरपिस्ट आहेत.

पुणेकर_इंदुरी
आहेत, पण पर्याय किती? मी दोन्ही शहरांत राहिलोय.

चालतीपावलं
शहरांचं भांडण वेगळ्या धाग्यावर. खर्चाचं बोलते. सीपी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेच्या यादीत आहे, म्हणजे त्यांचा निरामय आरोग्य विमा काढता येतो. १ लाखापर्यंत कव्हर, आधी कुठली वैद्यकीय तपासणी नाही आणि ओपीडी-थेरपीचाही खर्च मिळतो, मात्र प्रत्येक प्रकाराला वेगळी मर्यादा असते. फी एपीएलला ५००, बीपीएलला २५०. ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत अर्ज करा. पैसे आधी आपण भरायचे आणि मग क्लेम करायचा, म्हणून थेरपिस्टकडून चिठ्ठीवर हिशेब घेऊ नका. सही, तारीख, नोंदणी क्रमांक असलेलं बिल मागा आणि डॉक्टरांचा सल्ला लेखी घ्या. ३१ मार्चला वर्ष संपतं, त्याआधी नूतनीकरण.

जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या सरकारी तपासणी-उपचार केंद्रात, १८ वर्षांपर्यंत मोफत थेरपी असते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

सीए_रामबाग
वडिलांना आयकर लागत असेल तर दिव्यांग मुलासाठीची वजावट बघा, १९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ८०डीडी. ६५ टक्क्यांना ७५,००० ची ठरावीक वजावट, ८० पासून वर १,२५,०००. सीपीला वेगळा फॉर्म लागतो. पण हे फक्त जुन्या करप्रणालीत. कंपनीत नवी प्रणाली निवडली असेल तर एक पैसाही सुटत नाही. दोन्हींचा हिशेब मांडून मग ठरवा.

रेवातीर
ह्यांना विचारते. कंपनीने आपोआप नवीच धरलीय बहुतेक. आणि ते ६०० रुपयांचं काय? पुण्याच्या मैत्रिणी म्हणतात एमपीमध्ये मिळतात.

जुनी_फाइल
मानसिक दिव्यांग आणि बहुदिव्यांग मुलांना ६ वर्षांनंतर महिन्याला ६०० आहेत. तुमच्या मुलीच्या प्रमाणपत्रावर फक्त सीपी असेल तर त्यात बसेलच असं मी सांगणार नाही. समग्र झालं की परदेशीपुऱ्याच्या सामाजिक न्याय परिसरात प्रमाणपत्र दाखवून विचारा.

लाल_डबा
थॅलेसेमियाच्या मुलांसाठी सांगतो, इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलला बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतं आणि कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मदत आहे. कोणाला लागलं तर विचारा.

रेवातीर
चांगली माहिती आहे, पण माझ्या मुलीला थॅलेसेमिया नाही. एएफओचं सांगा ना कोणी. उजव्या टाचेवर लाल चट्टा उमटतो, वेल्क्रोला रुई चिकटून ते धरतच नाही, मग मी वरून नाडी बांधते. ती संध्याकाळी स्वतःच काढून ठेवते आणि चवड्यावर चालते.

चालतीपावलं
काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर तो एएफओ घालू नका. घट्ट बांधून तर मुळीच नको, कातडी फुटली की आठवडे जातात. तिचा दोष नाही, दुखतं म्हणून काढते. वेल्क्रो बदलून भागणार नाही, नवं माप घ्यावंच लागेल. या वयात पाय भराभर वाढतो.

फुकट हवं असेल तर एडिप, ही केंद्राची दिव्यांगांना साहित्य देणारी योजना. घरचं उत्पन्न महिन्याला २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण खर्च, ३०,००० पर्यंत निम्मा. मोठ्यांना तीन वर्षांत एकदाच साहित्य मिळतं, पण १२ वर्षांखालच्या मुलांना दर वर्षी. हे साहित्य बनवणाऱ्या अलिम्को या सरकारी कंपनीचं केंद्र उज्जैनला आहे. कॅम्प कधी लागतो ते परदेशीपुऱ्यातच विचारा. पण कॅम्पची वाट बघत हा एएफओ घालत राहू नका.

रेवातीर
आमचं उत्पन्न त्याहून थोडं जास्त आहे. विकतच घेऊ मग. आणि शाळा म्हणते शॅडो टीचर, म्हणजे वर्गात तिच्यासोबत बसणारी मदतनीस, आणा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

नर्मदे_हर
असं 'बघू' म्हणता येत नाही. त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये भेदभाव न करता प्रवेश देण्याचं आहे आणि कलम ३१ मध्ये ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क. शाळेशी तोंडी बोलू नका. लेखी मागा, काय म्हणतात ते.

मालवा४५२
शाळेशी वाकडं घेऊन मूल तिथेच शिकवायचं, हेही सोपं नाही हो.

नर्मदे_हर
वाकडं कशाला? पत्र सौजन्याने लिहायचं. पण लिहायचं.

सत्तरावं_वर्ष
मध्येच विचारतो. नातू १७ वर्षांचा, ऑटिझम. १८ नंतर सही, बँक वगैरे कसं करायचं?

जुनी_फाइल
काका, नॅशनल ट्रस्ट कायद्याप्रमाणे कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. प्रत्येक जिल्ह्यात लोकल लेव्हल कमिटी असते, कलेक्टर अध्यक्ष. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

रेवातीर
समग्रमध्ये दोघींची नावं चढली, ई-केवायसी झाली. आधारचा पत्ताही बदललाय. आता पोर्टलवर पत्ताबदल टाकायचाय. पुण्याचं मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट केलंय, त्यावरचा गोल शिक्का स्कॅनमध्ये नुसता चमकतो, वाचता येत नाही. तेच अपलोड करू का?

जुनी_फाइल
नको, परत येईल. खिडकीजवळ उजेडात, थोडं तिरकं धरून मोबाइलने फोटो काढा, फ्लॅश बंद. शिक्क्यातला नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे. विनंतीचा क्रमांक आला की इथे टाकू नका, वहीत लिहून ठेवा.